उरलेली वळी

इंदू, माझी थोरली लेक, ज्या वैशाखात उजवली त्या वैशाखातली ही गोष्ट. तेव्हा मला साल सांगता येत नव्हतं. कुणी विचारलं तर ‘इंदूच्या लग्नाचं वरीस’ एवढंच म्हणायची. पुढं तिच्या मुलाच्या जन्मदाखल्यावरून मागं मोजत गेले आणि ते एक्क्याण्णव निघालं. लग्नाची हळद अजून माझ्या नखांत होती, तेवढ्यात आमची टोळी पिंपळदऱ्याला सर्जेरावांच्या मळ्यात विहिरीच्या कामावर गेली.

“वैनी, वळ्या सोड!” विहिरीच्या तळातून रंगनाथ ओरडला.

मी टोपलीत दहा वळ्या ओळीनं मांडल्या आणि दोर सोडत टोपली खाली दिली. वळी म्हणजे चिकणमाती भाकरीच्या पिठासारखी मळून केलेली लांब गुंडाळी, मनगटापासून कोपरापर्यंत. खडकात भोकं पाडायची, त्यात दारूच्या कांड्या सारायच्या, वातीचं टोक बाहेर ठेवायचं आणि वरून ही वळी ठासून भोकाचं तोंड बंद करायचं. तोंड बंद केलं नाही तर दारूचा जोर वर निघून जातो, खडक हलत नाही. अशा भरलेल्या भोकाला आम्ही बार म्हणायचो. एका बाराला एक वळी. वळ्या करायचं काम बायकांचं, बार भरायचं पुरुषांचं. बार कधी सात असायचे, कधी नऊ. कमी पडायला नकोत म्हणून मी दर खेपेला दहा करायची.

रंगनाथ माझा धाकटा दीर. मी लग्न होऊन आले तेव्हा तो अंगणात रांगत होता. आता मिसरूड फुटलेला, लग्नाला आलेला. त्या आधी आमच्या टोळीत बार भरायचे ते गंगारामबाबा. शिमग्यानंतर त्यांचा हात थरथरायला लागला, आणि थरथरणाऱ्या हातात दारू द्यायची नसते. म्हणून ते काम रंगनाथकडं आलं. त्याला त्याचा कोण अभिमान! डोक्याला नवा टॉवेल बांधायचा.

टोळीचे मुकादम भिवाजी. सगळी त्यांना भिवाअण्णा म्हणायची. दगड वर ओढायच्या इंजिनावर, म्हणजे यारीवर, ते स्वतः बसायचे. यारीच्या तारेला माणूस मावेल एवढी लोखंडी बादली. त्याच बादलीतून दगड वर यायचा आणि माणूस खाली जायचा. रोज सकाळी तिला हळदकुंकू वाहायचं. बाईमाणसानं मात्र तिला हात लावायचा नाही, असा टोळीचा नेम होता. का, ते कुणी सांगितलं नाही आणि मीही कधी विचारलं नाही.

आणि माझे मालक तात्याबा. त्या काळी मी हे नाव तोंडानं घेत नव्हते, आता हातानं लिहिते. बार उडाले की धूर निवता निवता पहिला माणूस खाली उतरायचा तो हे. हातात पहार घेऊन. कडेला सैल होऊन लोंबलेले दगड पाडायचे, मग बाकीच्यांनी उतरायचं. ते जोखमीचं काम होतं, पण त्यातली खरी जोखीम दगडाची नव्हती. जेवढे बार भरले तेवढे उडाले पाहिजेत. एखादा राहिला तर तो दगडमातीखाली जिवंत पडून असतो, आणि वरून पहार बसली की उठतो. आदल्या वर्षी शेजारच्या टोळीतला पुंजाराम असाच राहिलेल्या बारावर पहार मारून बसला. जीव वाचला, दोन्ही डोळे गेले. त्याची बायको त्याला हाताला धरून बाजारात आणायची तेव्हा मी तोंड फिरवून उभी राहायची. मला वाटायचं, आज ती, उद्या मी.

म्हणून बार उडताना मोजायचे. भरणारा सांगणार किती भरले, मुकादम मोजणार किती उडाले. दोन्ही जुळले की बादली खाली. वर्षानुवर्षं हेच चाललं होतं.

रंगनाथ खालून वर आला. वाती पेटवून आला होता, म्हणून बादलीतून उडी मारून पळतच सुटला. पळता पळता भिवाअण्णांना म्हणाला, “आठ हायेत अण्णा!”

“आठ?”

“आठ.”

आम्ही सगळे लांब बांधाआड जाऊन बसलो. माझी टोपली रंगनाथनं बरोबर वर आणली होती. तिच्यात एक वळी उरलेली होती. एरवी मी उरलेली वळी तिथंच पायानं चुरडून टाकायची. त्या दिवशी टोपली कमरेला तशीच घेऊन पळाले.

पहिला बार झाला. जमीन हलली, बाभळीवरचे बगळे उठले. भिवाअण्णांनी अंगठा मुडपला. दुसरा, तिसरा. मग थोडं थांबून चौथा आणि पाचवा पाठोपाठ. त्या दिवशी मीही मोजत होते. मोजायचं काही माझं काम नव्हतं, पण आठ दिवसांपासून मला ती खोडच लागली होती. विहिरीवर आलेल्या शेळ्या मोजायची, परकरावरची ठिगळं मोजायची. सहा, सात. बराच वेळ काही नाही. मग आठवा, सगळ्यांत मोठा.

“झाले आठ,” भिवाअण्णा उठले आणि धोतराची धूळ झटकली. “तात्याबा, चल. दिवस मावळायच्या आत कडा मोकळा झाला पायजे. सर्जेरावांची मोसंबी माना टाकायला लागलीया. ह्या अमावाशेला पानी दावलं न्हाई तर पुढली हीर दुसऱ्या टोळीला देतो म्हनालेत.”

मालकांनी पहार उचलली. मी टोपलीकडं बघत राहिले.

ही मोजायची खोड लागली त्याचं कारण सुलभा. पिंपळदऱ्याच्या पोस्टमनची मुलगी, दहावी झालेली, दोन वेण्या घालायची. साक्षरतेचा वर्ग घ्यायला म्हणून दिवेलागणीला कंदील घेऊन आमच्या पालांकडं यायची. पहिल्या दिवशी भिवाअण्णा म्हणाले, “पोरी, खडक काय पाटीवर फुटतो व्हय? आमाला शिकवून तू काय हिरीला पानी लावनार?” ती म्हणाली, “नाही काका, पण विहीर किती खोल गेली ते तुम्हाला दुसऱ्याला विचारावं लागणार नाही.” अण्णा पान थुंकायला निघून गेले. आम्ही सात-आठ जणी बसलो, पुरुषांत एकटा रंगनाथ.

ती चिंचोके आणायची. “दहा घ्या. एक मला द्या. किती उरले?”

“तुमाला एक कशापायी द्यायचा?” मी म्हटलं. सगळ्या हसल्या.

“उधार द्या मावशी. किती उरले?”

“नऊ.”

“आता ताळा करा.”

“म्हंजी?”

“उरलेले आणि गेलेले पुन्हा एकत्र करा. दहाच येतात का बघा. उत्तर आलं म्हणजे ते बरोबरच आलं असं नाही. ताळा जुळला तरच बरोबर.”

हे मला फार आवडलं. दहातून एक गेला तर नऊ राहतात हे मला ती सांगेपर्यंत माहीत नव्हतं असं नाही. पण मोजलेलं पुन्हा उलट्या बाजूनं मोजायचं, दोन्हीकडून एकच आलं पाहिजे असा हट्ट धरायचा, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. बाईमाणसाला एकदा सांगितलं की ऐकायचं, एवढंच ठाऊक होतं.

ह्या बारांच्या आदल्याच संध्याकाळी तिनं रंगनाथला चिंचोके मोजायला लावले. तो खळ्यावर मापं मोजावीत तसा मोजायला लागला. “लाभ... दोन... तीन...”

“थांबा. लाभ म्हणजे किती?”

“लाभ म्हंजी लाभ. पैलं माप लाभाचं. त्याला एक म्हनत न्हाईत. बरकत जाती. गंगारामबाबा बार मोजतानासुदीक लाभच म्हनायचे.”

“बरकतीचं मला माहीत नाही रंगनाथ. पण एक हा आकडा आहे. तो सोडून पुढं जायचं नाही. मोजताना एक आलाच पाहिजे.”

रंगनाथचे कान लाल झाले. “बरं ताई. एक सोडनार न्हाई,” म्हणाला आणि कानाच्या पाळ्यांना हात लावला. आम्ही पदर तोंडाला लावून हसलो. दुसऱ्या दिवशी तो नेहमीसारखा बार भरायला उतरला, तेव्हा ते हसणं मी विसरूनही गेले होते.

तर आता मालक बादलीकडं निघाले होते, आणि माझ्या टोपलीत वळी होती. एक. केल्या दहा, उरली एक. गेल्या नऊ. एका बाराला एक वळी. नऊ बार. उडाले आठ.

मी पुन्हा उलटं केलं. आठ आणि एक, नऊ. दहा होत नाहीत. ताळा जुळत नाही.

डोक्यावरचा पदर नीट केला आणि म्हटलं, “अण्णा, वाईच थांबा.”

“का गं?”

“वळ्या दहा दिल्या हुत्या. एकच माघारी आली. नऊ बार भरल्यात.”

भिवाअण्णांनी माझ्याकडं असं बघितलं की जणू टोपलीच बोलली. “ज्यानं भरले त्यो आठ म्हनतोय. म्या आठ मोजले. आता तू कोन?”

“मीबी आठच मोजले. पर वळ्या नऊ गेल्या.”

“एखांदी पडली आसंल हातातून. मोडली आसंल. का रं रंगा?”

रंगनाथ गोंधळला. “पडली न्हाई वाटतं... पर बार आठच हायेत वैनी. म्या बोटं लावून मोजल्यात.”

“आयकलंस?” अण्णा यारीवर चढले. “तात्याबा, बस.”

मालक माझ्याजवळून जाताना हळूच म्हणाले, “गप बस ना. चार मानसांत कशाला?” त्यांचा आवाज रागाचा नव्हता, लाजेचा होता. बायको मध्ये बोलली याची लाज. त्यांची पहार माझ्या डोळ्यांसमोरून गेली. तिचं टोक चमकत होतं. त्याच्या मागं मला पुंजारामची बायको दिसली.

मी त्यांच्या पुढं झाले आणि बादलीत जाऊन बसले.

इंजिन धडधडत होतं. मग अण्णांनी ते बंद केलं, आणि इतकी शांतता झाली की विहिरीत सुटा खडा घरंगळला तोसुद्धा ऐकू आला.

“सोजरा,” अण्णा म्हणाले, “भायेर निघ.”

“न्हाई.”

“बादलीत बाई बसली! आता काय इंजान पेटनार हाय का हिरीला पानी लागनार हाय? तात्याबा, उचल तिला.”

मालक आले. माझ्या दंडाला धरलं. मी लोखंडाचा काठ दोन्ही हातांनी धरला.

“ऊठ,” ते म्हणाले.

“उठते. पर तुमच्या आदी मी खाली जानार. पहार द्या हिकडं. आन् सोडा बादली. आठच आसतील तर मला काय हुतंय? कडा पाडून येते वर.”

“येडी झालीस का?”

“मी येडी. मग शान्या मानसांनी सोडा की बादली! अण्णा, करा इंजान चालू.”

अण्णांचा हात हँडलवर होता. तो हलला नाही. मी तो हात बघत होते. ज्यांना आठ बारांची एवढी खात्री, त्यांचा हात माझ्यासाठी का हलत नव्हता? मालकांना मात्र ते हसत सोडायला निघाले होते. हे मला तेव्हाच कळलं असं नाही, पण राग आला तो ह्याचाच आला असणार.

“बघा,” मी म्हटलं, “बाईला सोडायला भ्या वाटतंय. मग ह्यास्नी सोडताना का न्हाई?”

“तुला शाळेची हवा लागली,” अण्णा ओरडले. “चार चिंचोके मोजले न् मुकादमाला हिशेब शिकवाया निगाली!”

“तर! चार चिंचोकेच मोजल्यात. तुमी तर बार मोजता. दावा की ताळा जुळवून.”

“ताळाबिळा काय आसतो?”

“रंगा,” मी त्यांना सोडून दिराकडं वळले. “हिकडं ये. खाली बस. हे खडे घे. खाली जसे मोजलेस तसेच मोजून दाव. एकेका बाराला एकेक खडा ठेव.”

रंगनाथ अण्णांकडं बघायला लागला.

“बघतोस काय? तुझा भाव उतरनार हाय त्या हिरीत. बस.”

तो बसला. मातीत खडे मांडायला लागला. सगळी टोळी भोवती जमली. गंगारामबाबाही काठी टेकत आले. बादलीच्या काठावरून मान काढून मी बघत होते.

रंगनाथनं पहिला खडा ठेवला. डोळे मिटून, कपाळाला हात लावून म्हणाला, “लाभ.”

दुसरा खडा ठेवला. “एक.”

तिसरा ठेवला. “दोन.”

तो पुढं मोजत गेला. “तीन... चार... पाच...” त्याचा आवाज ठाम होता, वर्गात सुलभापुढं असायचा तसा. “सहा... सात... आठ. बघ वैनी, आठ.”

गंगारामबाबा खाली वाकले आणि थरथरत्या बोटानं एकेक खडा शिवत गेले. “लाभ, दोन, तीन, चार...” शेवटच्या खड्यावर बोट ठेवून म्हणाले, “नऊ.”

“नऊ कसे बाबा?” रंगनाथ म्हणाला. “लाभ देवाचा. आन् एक सोडायचा न्हाई, आसं ताईंनी...” तिथंच तो थांबला. त्याचं तोंड उघडं राहिलं. हातातला उरलेला खडा गळून पडला.

देवाचा लाभ पण ठेवायचा आणि ताईंचा एक पण. दोघांचाही मान राखला होता त्यानं. बिचाऱ्यानं कुणालाच दुखवलं नव्हतं.

मालक त्या खड्यांकडं बघत होते. पहिल्या खड्याकडं, जो रंगनाथनं मोजला होता आणि मोजला नव्हता.

अण्णांनी घसा साफ केला. “बरं, नऊ आसतील. पर चौथा आन् पाचवा पाठोपाठ झाले. तसेच दोन एकदम उडाले आसतील. दोहोंचा आवाज एक. शेवटचा केवढा मोठा झाला! आसं हुतं कधी कधी.”

“हुतं,” मी म्हटलं. “उडाले आसतील. आन् नसतील तर?”

“नसतील तर, नसतील तर! आसं म्हनत बसलं तर धंदा हुतो का? आजचा दिवस गेला, उद्याचा सकाळचा वकुत गेला. त्या सर्जेरावाला काय सांगू? आमची सोजराबाई बादलीत बसलीया म्हनून?”

“हां. तसंच सांगा. नाव घेऊन सांगा.”

तेवढ्यात मालकांनी पहार जमिनीत रोवली. ती खण् करून उभी राहिली. ते म्हणाले, “अण्णा, मी आज उतरत न्हाई.”

“तात्याबा, बायकूच्या नादी...”

“बायकूच्या नादी न्हाई. खड्यांच्या नादी.” मग माझ्याकडं न बघता म्हणाले, “ऊठ आता. पाय आखडले आसतील.”

खरंच आखडले होते. उतरताना मी पडले असते. रंगनाथनं हात दिला.

संध्याकाळी सर्जेरावांच्या जुन्या विहिरीवरून पाटानं पाणी आणून आमच्या विहिरीत सोडलं आणि बार रात्रभर भिजू दिले. सकाळी पाणी उपसलं. अण्णा म्हणाले, “मी सोता उतरतो.” मालक म्हणाले, “मीबी.” पहार नेली नाही. दोघांनी हातांनी एकेक दगड उचलून बादलीत घातला. सगळा सकाळचा वकूत गेला. आम्ही वर काठावर होतो, पण कुणी वाकून बघेना.

मग खालून मालकांची हाक आली. “घावला.”

उगवतीच्या कोपऱ्यात, लोंबलेल्या मोठ्या शिळेच्या बरोबर खाली. म्हणजे जिथं पहिली पहार बसली असती तिथं. वात अर्धी जळून विझली होती. दगडानं दबली असावी. भोकाच्या तोंडात वळी तशीच होती. मालकांनी वर आल्यावर मला ती दाखवली. ओलीचिंब झालेली, पण तिच्यावर माझ्या बोटांचे ठसे होते. त्यांनी ती माझ्या हातावर ठेवली आणि हात धुवायला गेले.

इथं गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पण भिवाअण्णांना रात्रभर झोप नव्हती, आणि ज्याची चूक निघते त्याला कुणाची तरी आणखी मोठी चूक लागते. दिवेलागणीला सुलभा कंदील घेऊन आली तेव्हा ते पालांच्या वाटेवर आडवे उभे होते.

“पोरी, माघारी जा. शाळा बंद. तुझ्या शिकवन्यानं काल मानूस मेला आसता. वीस वरसं गंगारामबाबानं बार भरले, कवा चुकला न्हाई. तू आलीस आन् नवाचे आठ झाले.”

पोर पांढरी पडली. तिला कुणीतरी सगळं सांगितलं होतं. डोळ्यांत पाणी काढून म्हणाली, “काका, माझं चुकलं. मी लाभ म्हणजेच एक असं सांगायला हवं होतं. मला वाटलं...” आणि ती खरंच वळली.

मी चुलीवरचा तवा तसाच टाकून आले. “सुलभा, थांब. कुठं चाललीस? कंदील ठेव खाली.”

“सोजरा, मधी पडू नगंस,” अण्णा म्हणाले. “काल तुझं आयकलं.”

“काल माझं आयकलं म्हनून आज तुमी हितं हुबं हायसा. खाली तुमीबी गेला हुता अण्णा.”

मीच पुढं म्हटलं, “शाळेनं चुकला, खरं हाय. अर्दी शिकला म्हनून चुकला. मग आता अर्द्यावर सोडायचं का पुरं शिकायचं? आन् त्यो राहिलेला बार कशानं घावला? तुमच्या बोटांनी का माझ्या ताळ्यानं?”

“मी लाभ सोडनार न्हाई. सांगून ठिवतो. माझ्या बापानं सोडला न्हाई.”

“सोडू नका. कोन सोडा म्हनतंय? तोंडानं लाभ म्हना न्हाईतर एक म्हना. पर बार भरला की खडा टोपलीत पडला पायजे. बार उडाला की दुसऱ्या टोपलीत. आन् एकट्यानं मोजायचं न्हाई. तुमी मोजा, रंगा मोजंल, मी मोजीन, ह्या समद्या बाया मोजतील. कांड्या पेटवायच्या टाप्या मूठभर खाली जातात आन् मूठभर वर येतात, त्याबी मोजायच्या. समद्यांचं एक आलं तरच बादली खाली जाईल. न्हाई आलं तर मी हायेच बादलीत बसायला.”

मागं कुणीतरी फिसकन हसलं. अण्णांनी वळून बघितलं, मग पायांनी वाटेतला दगड उडवला आणि बाजूला झाले.

रंगनाथ पालात तोंड झाकून पडला होता. मी त्याचं पांघरूण ओढलं. “ऊठ.”

“मी न्हाई येत वैनी. दादा मेला आसता माझ्यापायी.”

“मेला न्हाई. म्हनून ऊठ. पुढला कुनी मरू नये म्हनून ऊठ. पाटी कुठंय तुझी?”

त्या संध्याकाळी सुलभानं आकडे शिकवले नाहीत. तिनं मध्ये खड्यांचा ढीग घातला आणि आम्हा प्रत्येकाला विचारलं, तुम्ही घरी कसं मोजता? मग कळलं, एका टोळीत किती तऱ्हा होत्या. कुणी विसांनी मोजत होतं, कुणी पेरांनी, कुणी पाचाची गाही धरून. एकीला तीस म्हणजे किती ते कळत नव्हतं, पण दीड वीस म्हटलं की लगेच कळायचं. सुलभा सगळं पाटीवर मांडत गेली. लाभ बरोबर एक. दीड वीस बरोबर तीस. ती आमच्याकडून शिकत होती, आम्ही तिच्याकडून.

चार-पाच दिवसांनी भिवाअण्णा आले. कंदिलाकडं पाठ करून बसले. सुलभानं विचारलं, “काका, इकडं तोंड करता का?”

“मी शाळंत न्हाई. मी वाऱ्याला बसलोय.”

वारा पडला तरी ते रोज तिथंच बसायचे. एकदा गुणाकार चालला होता. सुलभानं विचारलं, सहा बारांना दोन-दोन कांड्या, किती? कुणालाच येईना. पाठ करून बसलेल्या माणसाकडून आवाज आला, “बारा. येवडं येत न्हाई?”

अमावास्येला पाणी लागलं नाही. त्यानंतर लागलं, पण पुढची विहीर सर्जेरावांनी दुसऱ्या टोळीला दिली. दोन महिने आम्ही रोजगार हमीच्या कामावर खडी फोडली. टोळीतल्या दोघांनी मला तोंडावर ऐकवलं की तुझ्या हट्टापायी हे झालं. मी म्हटलं, झालं. पुन्हा वेळ आली तर पुन्हा बसेन.

आम्ही त्यानंतर चोवीस विहिरी खणल्या. यारीच्या शेजारी दोन टोपल्या असायच्या. दुसऱ्या टोळ्यांची माणसं हसायची. म्हणायची, भिवाजीच्या टोळीत बायका बार मोजतात. पण त्यांतल्या एक-दोन टोळ्यांत पुढं टोपल्या दिसल्या. बादलीला बाईनं शिवू नये हा नेम कधी मोडला ते आठवत नाही. कुणी मोडला असं म्हणालं नाही. नुसता राहून गेला.

रंगनाथ आता तालुक्याच्या गावी राहतो. त्याच्या नातवाला मोजायला शिकवताना तो पहिल्या बोटाला लाभ म्हणतो आणि लगेच विचारतो, “लाभ म्हणजे किती?” पोरगं ओरडतं, “एक!”

भिवाअण्णा दोन हजार तीन साली पौष महिन्यात काविळीनं वारले.

माझे मालक तात्याबा बुधवारी, एकोणीस नोव्हेंबर दोन हजार चौदाला, घरात, खाटेवर वारले. वय एकाहत्तर. दोन्ही डोळे शाबूत होते.